सातव्या दिवशी

हिलाल पहिलवानाचा फोटो आला तो आधार कार्डावरचा.
नातू म्हणाला, ताई, जरा गाल भरा, बॅनर मोठा आहे.
मी माउसने कान शोधले,
शिळ्या भज्यासारखे आवळलेले, मोडके.
तेवढे त्याचेच होते.
बाकीचा म्हातारा मी ओळखला नाही.

माझा हिलाल बोरीच्या पात्रात उभा असायचा,
वैशाखात, दुपारी चारला.
मांडीवर थाप पडली की पुलावरची माणसं
कठड्यावरून वाकायची.
एकदा मालेगावच्या पोराने त्याला उचलून आपटला.
वडील घरी येईपर्यंत म्हणत होते,
नाही लागली पाठ, नाहीच लागली,
पंच बाटगा होता.
मी त्यांच्या खांद्यावर होते.
पाठीला चिकटलेली वाळू मी पाहिली होती,
उन्हात चमकत होती.
कुणालाच बोलले नाही. वडिलांना तर नाहीच.

लोटन सोंगाड्या मात्र स्वतः आला होता दुकानात,
जाण्याच्या दोन वर्षं आधी,
वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे कागद घेऊन.
पाच नकला काढायच्या होत्या.
मी पैसे घेईना, तेव्हा काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
"पैसा नही लेत ना बेटा, मंग एक नक्कल मनी बी ली ले."
आणि तहसीलमधला कारकून झाला,
चष्मा नसताना चष्मा पुसला,
दात नसताना पान चावलं.
रांगेतली माणसं हसली. एक बाई तर खालीच बसली.
तो गेला तेव्हा मुलाने टोपीतला फोटो दिला, गंभीर.
हसरा आहे का, विचारलं मी.
म्हणाला, बरं दिसत नाही.

याकूब मास्टरसाठी कुणी आलंच नाही.

मंगळवारी मोबाइलवर एक ओळ आली,
तिच्याखाली हात जोडलेले, मग एक लग्नाचं आमंत्रण.

दगडी दरवाजाजवळ सात दिवस, सात रात्री
जमिनीला पाय न लावता सायकल.
सायकलवर आंघोळ, सायकलवर दाढी,
सायकलवरून वाकून दातांनी उचललेला रुमाल.
रोज एका घरची भाकरी.
आमची पाळी आली चौथ्या दिवशी,
कळण्याची भाकरी, वर ठेचा, फडक्यात बांधलेला,
आणि ती हातात द्यायची तर पळावं लागे त्याच्याबरोबर.
अर्धी फेरी पळाले मी.
तो म्हणाला, हळू, पडशील.
मला म्हणाला. गावात एवढी माणसं, मला.
रात्री गच्चीवर पडल्या पडल्या घंटी ऐकू यायची,
प्रत्येक फेरीला एकदा,
आणि दोन घंट्यांच्या मधे मी श्वास धरून ठेवायची
की झोपला तर नाही ना चालता चालता.

सातव्या दिवशी नोटांचा हार घातला.
तो उतरला, आणि पाय नव्हतेच त्याला.
चौघांनी उचलून नेला.
मी इतकी रडले की आईने थप्पड दिली.
सकाळी वडील बोट धरून स्टँडवर घेऊन गेले.
तिथे सायकलला टेकून तो पोहे खात होता.
एवढंच. पोहे खात होता.

दोन बाय तीनचा फ्लेक्स मी माझ्याच खर्चाने काढला.
फोटो मिळाला नाही. वय माहीत नाही.
मास्टर हे नाव होतं की पदवी, तेही नाही.
फोटोची रिकामी चौकट ठेवून पाहिली, मग तीही पुसली.
दुकानातला गणू दोरी ओवता ओवता म्हणाला,
कोण होता हा, मॅडम?
सांगितलं.
सात दिवस? मग पोहोचला कुठे?
कुठेच नाही रे, चौकातच होता.
रेकॉर्ड झालं असेल.
कुणी लिहून ठेवलं नाही, म्हटलं, नीट गाठ मार.

आज शटर उघडायच्या आधी स्टँडवर गेले.
घरून नाश्ता करून निघाले होते.
तरी एक प्लेट पोहे सांगितले, उभ्यानेच खाल्ले.
भिंतीला तीन-चार सायकली टेकवलेल्या होत्या.
धुळ्याची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली.
पोहेवाला म्हणाला, ताई, कुणाची वाट पाहताय का?
मी म्हटलं, लिंबू द्या अजून थोडं.